गुलशेरची नावं मध्यंतरानंतर

अष्टमी, रोहा
२८ जून १९८३

विठ्या,

सलाम. कार्ड मिळालं. गणपतीचे डोळे आखता आखता तुला दोन ओळी लिहायला फुरसत झाली, यावर आसियाचा विश्वासच बसेना. तिनं कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, अक्षर त्याचंच हाय.

आता कामाचं. गुलशेरचा अकरावा पिक्चर आला. 'गुलशेर और आखरी लिफाफा'. आठ तारखेला शुक्रवारी तुमच्या पेणला आणि आमच्या रोह्याला एकदम लागतोय. प्रिंट एकच. रात्री तुमच्याकडं खेळ, सकाळी एस.टी.च्या टपावरून डबे आमच्याकडं, दुपारी तीनला आमचा खेळ, सव्वासहाच्या गाडीनं डबे परत. सकाळी टप भरलेला असतो, कंडक्टर एका गाडीवर एकच गोणी घेतो, म्हणून मध्यंतरापर्यंतचे डबे नवाच्या गाडीला आणि नंतरचे अकराच्या. मी आता सिनेमा ऑपरेटर कमी आणि हमाल जास्त झालोय.

पण असली गोष्ट पुढं हाय. हैबतराव, म्हणजे आमचे टॉकीजचे मालक, परवा केबिनमध्ये आले. मशीनवर हात ठेवून म्हणाले, "नासिर, हा गुलशेर चार आठवडे चालला तर टॉकीज राहील. नाय चालला तर खुर्च्या काढून भाताचं गोदाम." त्यांचंही काय चुकलं म्हणा. गल्लीगल्लीत व्हिडिओ आलाय. माझा मेहुणा हसन कुवेतहून तीनदा लिहून चुकलाय, व्हिसा तयार हाय, ये. आसियानं माझी बॅग धुऊन वाळत घातलीय. या पावसात ती वाळत नाय, तेवढाच मी अजून इथं हाय.

तू साप्ताहिकात मागच्या गुलशेरला शंभरात एकोणतीस गुण दिलेस आणि तो रोह्यात सहा दिवसांत उतरला. यंदा जरा हात सैल सोड. एवढंच मागतो.

तुझा
नासिर

---

पेण
३ जुलै १९८३

प्रिय नासिर,

कुवेतचं वाचलं आणि मुकुटाला लावायचा सोनेरी रंग मी उंदराला लावला. कारखान्यात सगळे हसले. मला हसू आलं नाही.

तरी आधीच सांगतो, हात सैल सुटणार नाही. आपण सातवीत होतो तेव्हा पहिला गुलशेर लागला होता. तेव्हापासून ही वही आहे आणि तिच्यात आजवर एकही गुण खोटा पडलेला नाही. मारामारीला वीस, गाण्यांना वीस, खलनायकाला वीस, खुद्द गुलशेरला वीस आणि भेदाला वीस. गेल्या पाच चित्रपटांत भेदाला मी दोनच्या वर गेलो नाही, कारण कोण फितूर आहे ते तिसऱ्या रिळात कुणालाही कळतं. गुलशेरचा टोप आता कपाळावर उतरायला लागलाय. कोटातला गुलाब तेवढा ताजा असतो. यात मी काय करू?

लोक माझे गुण बघून घरातनं निघतात, ते मी खोटं लिहीत नाही म्हणून. एकदा लिहिलं की संपलं. तुलाही त्याचा उपयोग राहणार नाही.

पण एक करतो. पेणला बघत नाही. दहाही गुलशेर आपण एका छपराखाली बघितले, शाळेत होतो तेव्हा शेजारी शेजारी, मग तू वर केबिनमध्ये, मी खाली तुझ्या मशीनच्या भोकासमोरच्या खुर्चीत. अकरावाही तसाच बघणार. सीझन आहे, मालक तोंड वाकडं करतील, करू देत. दहा तारखेला रविवारी येतो. सव्वासहाच्या गाडीनं परत निघायचंच आहे, सोमवारी चाळीस मूर्तींची आखणी आहे. तीन वर्षांनी येतोय. आसियावहिनींना सांग, जेवणाचं काही करू नका. म्हणजे करतील.

तुझा
विठू

---

पेण
१२ जुलै १९८३

नासिर,

मी अजून जमिनीवर आलेलो नाही.

परवा घाईत तुला नीट भेटलोही नाही. तू केबिनच्या दारात घामाघूम उभा होतास, माझ्याशी बोलताना रस्त्याकडं बघत होतास. मला वाटलं, हैबतरावांची वाट बघतोयस. असो. परीक्षण संपादकांकडं दिलं, शुक्रवारी छापून येईल. एक्क्याऐंशी. व्हय, शंभरात एक्क्याऐंशी. तुझ्या सरूवहिनीनं वही हातात घेऊन विचारलं, "हा आकडा उलटा तर पडला नाही ना?"

अरे, काय हिंमत केलीय त्या दिग्दर्शकानं. पडदा उजळतो तर नावं नाहीत, गाणं नाही. एकदम गुलशेर बर्फातनं पळतोय, हात बांधलेले, कपाळावर जखम. कसली जखम, मागे कोण लागलंय, काही सांगत नाहीत. तू शोध, म्हणतात. आणि मग बडे साहेब, दहा चित्रपट ज्यांना आपण गुलशेरचा बाप समजत आलो, तेच फितूर. आणि मरतातही. आणि लगेच मध्यंतर. मी वड्याला हात लावला नाही, यावरून काय ते समज.

मध्यंतरानंतर नावं. नासिर, मध्यंतरानंतर. मी आपला उभा राहून टाळ्या वाजवायला लागलो. मागच्यानं सदऱ्याला धरून मला खाली बसवलं.

आणि मग बडे साहेब जिवंत. हसतायत. गुलशेरला स्वतः चहा करून देतायत. "बेटा, साखर किती?" एवढंच विचारतात, आणि माझ्या अंगावर काटा. शेजारी कंपनीतला एक माणूस शिफ्ट संपवून तसाच गणवेशात आला होता, तो मोठ्यानं म्हणाला, "पिऊ नको रे." भेद पहिल्या तासातच फोडून टाकला, तरी भेदाला मी वीसपैकी वीस दिले. आयुष्यात पहिल्यांदा. माणूस गोड बोलतोय आणि आपल्याला त्याचा शेवट ठाऊक आहे, यासारखी भीती नाही.

आणि शेवट. गुलशेर कड्याला लोंबकळतोय, बडे साहेब हात पुढं करतात, तो विश्वासानं तो हात धरतो, आणि अंधार. ना 'समाप्त', ना लग्न. लोक पाच मिनिटं उठले नाहीत.

माझं रोजचं काम डोळ्यांचं. गुलशेरचे डोळे थकलेत, मान्य. पण फसवला जाणारा माणूस थकलेलाच शोभतो.

बॅग आत घे. वाळली तरी.

विठू

---

अष्टमी
२४ जुलै १९८३

विठ्या,

तुझ्या एक्क्याऐंशीनं काय केलंय ते बघायला तू इथं पाहिजे होतास. कोलाडहून ट्रक भरून लोक येतायत. पुलावर सायकल चालवायला जागा नाय. दुसरा आठवडा फुल गेला, चौथ्याची तिकिटं आधीच मागतायत. हैबतराव मला काल "नासिरशेठ" म्हणाले. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आसियानं बॅग आत आणली, पण कपाटावर ठेवलीय. हसनला मी लिहिलंय, थोडं थांब.

एक सांगू? तू आता तो पिक्चर पेणला परत बघायला जाऊ नको. एकदा बघितलास, बास. तुझं काम हाय, सीझन हाय, डोळ्यांना त्रास होतो. चांगली चीज एकदाच बघावी.

जास्त लिहीत नाय. गोणी उतरवायला जायचंय.

नासिर

---

पेण
२ ऑगस्ट १९८३

प्रिय नासिर,

इथं माझी पार शोभा झाली आहे.

परीक्षण वाचून अर्धं पेण सिनेमाला गेलं, आणि बाहेर आलं ते माझं नाव घेतच. गेल्या गुरुवारी सरू शेजारच्या गिरजाबाईंबरोबर गेली. घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "नावं पहिल्या मिनिटाला आली. चहा आला तेव्हाच गिरजाबाई म्हणाल्या, हाच तो चोर. पुढचे दोन तास आम्ही शेंगा खाल्ल्या. शेवटी लग्न झालं, लिफाफा सापडला, 'समाप्त' आलं. तुम्ही नक्की हाच बघितला ना?"

मी म्हटलं, तुला झोप लागली असेल. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

कारखान्यात तर विचारू नकोस. हिरामण ब्रश धुता धुता सगळ्यांसमोर विचारतो, "विठूशेठ, रोह्याला ऑपरेटरनं किती वडे चारले?" संपादकांकडं चौदा पत्रं आलीत. एकात लिहिलंय, मित्राच्या टॉकीजसाठी परीक्षक विकला गेला. नासिर, इतक्या वर्षांत मला कुणी कडक म्हणालं, खडूस म्हणालं, विकाऊ कुणी म्हणालं नव्हतं. मला रात्रीचं जेवण जात नाही.

मी काय बघितलं ते मला माहीत आहे. स्वप्न पडलं नव्हतं, टाळ्या वाजवून हात लाल झाले होते. तुमच्याकडं वेगळी प्रिंट तर येत नाही ना? पण प्रिंट तर एकच आहे, तूच लिहिलं होतंस. गुरुवारी मी स्वतः जाऊन बघतो.

विठू

---

पेण
५ ऑगस्ट १९८३

नासिर,

काल बघितला. नावं आधी. कडा मध्यंतराला. बर्फ नंतर. लग्न शेवटी.

वहीप्रमाणे चौतीस होतात.

मी ज्या सव्वासहाच्या गाडीनं घरी आलो, तिच्या टपावर तुझे डबे होते. माझ्या डोक्यावर. आता मला सरळ सांग.

विठू

---

अष्टमी
८ ऑगस्ट १९८३

विठ्या,

कार्ड आसियानं आधी वाचलं. वाचून कपाटावरची बॅग खाली काढून ठेवली. माझ्या बायकोला तुझा स्वभाव माझ्याइतकाच ठाऊक हाय.

सरळ सांगतो. त्या रविवारी नवाच्या गाडीचा नागोठण्याच्या अलीकडं स्प्रिंगचा पाटा तुटला. पहिली गोणी तिथं अडकली. अकराच्या गाडीनं दुसरी गोणी वेळेवर आणून दिली. त्या ड्रायव्हरनं सांगितलं, दुरुस्ती चाललीय, चारपर्यंत येईल. तीन वाजले. लोक आत. वाट बघत बसलो असतो तर खेळ सव्वासहाच्या आत संपला नसता, आणि सव्वासहाला डबे गेले नसते तर पेणचा खेळ पडला असता. मग हातात जे होतं ते लावलं. बडे साहेब मेले तिथंच, लग्न आणि 'समाप्त' यायच्या आधी मशीन बंद केलं. गोणी सव्वाचारला आली, तू वडा घेऊन बसला होतास तेव्हा मी जिन्यावरून डबे वर ओढत होतो. शेवटी कड्यावर 'मध्यंतर' अशी पाटी येते, तिच्यावर मी हात धरला. अंधार तो. दिग्दर्शकाची हिंमत नव्हती ती, माझा हात होता.

सोमवारपासून परत सरळ दाखवत होतो. खुर्च्या रिकाम्या. मग शुक्रवारी तुझं परीक्षण आलं. तीनच्या खेळाला नावं आधीच आली तर कोलाडचे लोक शिट्या मारायला लागले. "ऑपरेटर, साप्ताहिकात लिहिलंय तसा दाखव." मी काय करणार? शनिवारपासून रोज उलटा दाखवतोय. हैबतराव ऑफिसात बसलेले असतात, त्यांना पत्ता नाय.

तेव्हाच तुला कळवायला पाहिजे होतं. नाय कळवलं. एकदा तुझे एक्क्याऐंशी छापून आले, लोक आले, मालक शेठ म्हणाले, आसियानं बॅग आत घेतली, आणि माझा हात लिहायला उचलेना. तुला लोक विकाऊ म्हणतील हे डोक्यातही आलं नाय. त्याची मला लाज वाटते, विठ्या. खरंच वाटते.

आता तू काय करशील ते मला ठाऊक हाय. खरं छापशील. छाप. शुक्रवारी पाचवा आठवडा लागला. चार आठवडे झाले ते उलटे झाले, हे कळलं की हैबतराव ते धरणार नायत. मी हसनला लिहितो. कुवेतलाही सिनेमा असेलच.

नासिर

---

पेण
१४ ऑगस्ट १९८३

नासिर,

तीन दिवस तुझ्यावर चिडून होतो. एका गणपतीचा डावा डोळा दोनदा पुसावा लागला. सरू म्हणाली, त्या देवानं काय केलंय तुमचं.

खरं छापलं. अंक सोबत पाठवतोय, पण पोस्टात भिजला तर म्हणून मजकूर इथंच उतरवतो.

"आमच्या परीक्षणाविषयी खुलासा. दिनांक पंधरा जुलैच्या अंकात आम्ही 'गुलशेर और आखरी लिफाफा' या चित्रपटास एक्क्याऐंशी गुण दिले. पेणच्या वाचकांनी ते चुकीचे असल्याचे कळवले. पेणचे वाचक बरोबर आहेत. हा चित्रपट पेणला सुरुवातीकडून शेवटाकडे दाखवतात, रोह्याला मध्यापासून शेवटाकडे आणि मग सुरुवातीपासून मध्यापर्यंत. आम्ही दोन्ही पाहिले. पेणला गुण चौतीस. रोह्याला गुण एक्क्याऐंशी. चौतीस गुण दिग्दर्शकाचे आहेत. वरचे सत्तेचाळीस रोह्याच्या ऑपरेटरचे आहेत. दिग्दर्शकाचे समजून ते आम्ही दिले, ही आमची चूक. गुण मात्र मागे घेत नाही. ज्यांना आमच्यावर संशय आहे त्यांनी दोन्हीकडे जाऊन स्वतः पाहावे."

हे खरं आहे, म्हणून छापलं. तुझ्यासाठी एक शब्द वाढवलेला नाही. रात्रभर वही पुढ्यात घेऊन एकेक गुण परत तपासला. भेदाला वीसच पडतात. चहाचा तो प्रसंग तू जिथं नेऊन ठेवलास, तिथंच त्याची जागा होती.

आता हैबतराव काय करतील ते करतील. तुला नोकरीवरनं काढलं तर ते माझ्यामुळं, हेही कबूल. पण एक लिहितो, आपण कधी बोलत नाही म्हणून लिहितो. मला तू कुवेतला जायला नको आहेस. तिथं हसन आहे, पगार आहे, सगळं आहे, आणि तरी नको आहेस. बारावा गुलशेर मी कुणाच्या खाली बसून बघू?

एक मात्र कळलं नाही. डबे आले नाहीत तर खेळ रद्द करायचा, तिकिटं परत. तू आधी दोनदा केलंयस, मला पत्रात सांगितलं होतंस. दोन्ही गोण्या सव्वासहाच्या गाडीनं पेणला वेळेत गेल्याच असत्या. मग या वेळी हा उपद्व्याप का केलास?

विठू

---

अष्टमी
२७ ऑगस्ट १९८३

विठ्या,

पत्र उशिरा लिहितोय कारण श्वास घ्यायला वेळ नव्हता.

अंक हैबतरावांनी भर बाजारात वाचला. तिथून चालत टॉकीजवर आले, जिना चढून केबिनमध्ये आले, त्यांना जिना चढायचा नसतो. मला म्हणाले, "माझ्या टॉकीजमध्ये पिक्चर उलटा चालतो आणि मला साप्ताहिकातनं कळतं?" मग म्हणाले, "मला लाव बघू." दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला पहिल्या रांगेत बसले. चहाच्या वेळी मी भोकातनं बघितलं, ते खुर्चीच्या कडेवर आले होते. बाहेर आले. मुनीमाला सांगितलं, भातवाल्याला नाय म्हणून कळव.

पेणचे लोक एस.टी.नं येतायत, तपासायला. निम्मे तुझ्याशी भांडायला तयारी करून येतात आणि गप्प होऊन जातात. तुझा हिरामणही येऊन गेला. वर केबिनमध्ये आला, माझा हात हातात घेऊन बघितला. कुठला हात धरला होता, विचारत होता. वितरकाचा माणूसही मुंबईहून आला, आरडाओरडा करायलाच. पिक्चर बघितला. जाताना हळूच विचारतो, "दहावा पण उलटा चालेल का हो?" मी म्हटलं, त्याला परीक्षकांनी एकोणतीस दिलेत, उलटा करून बत्तीस होतील.

हसनला लिहिलं, व्हिसा त्याच्या चुलतभावाला दे. आसियानं बॅगेत गोधड्या भरल्या.

आता तू विचारलंस ते. खेळ रद्द का नाय केला.

डबे वेळेत जायला पाहिजे होते, लोक आत बसले होते, ते मी लिहिलं. ते खोटं नाय. पण खेळ रद्द करता आला असता, हे तू बरोबर पकडलंस. मी जिना उतरून खाली सांगायला निघालोच होतो. दारातून बघितलं तर तू भोकासमोरच्या खुर्चीत येऊन बसला होतास. शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली होतीस. माझ्यासाठी. ऑपरेटरला खाली बसता येत नाय हे तुला बावीस वर्षं माहीत हाय, तरी टाकलास. आपण शाळेत टाकायचो तसा.

तीन वर्षांनी आला होतास, सव्वासहाला जाणार होतास. मला वाटलं, मी कुवेतला गेलो तर हा शेवटचा. याला तसाच परत पाठवायचा नाय. मग वर गेलो आणि हातात होतं ते लावलं.

पिक्चर मी बघितलाच नाय, विठ्या. अडीच तास भोकातनं तुझं डोकं बघत होतो. नावं आली तेव्हा तू उभा राहिलास. मागच्यानं सदरा धरून ओढला तरी तू बसता बसता टाळ्या वाजवतच होतास. तेवढं मी पूर्ण बघितलं. वहीत कुठं जागा असली तर त्याला माझ्याकडून शंभर लिही.

तुझा
नासिर